पाचवा

दांडा स्टिअरिंगच्या बगलेत, डाव्या हाताशी.
गिअर शोधायचा म्हणजे
वीज गेलेल्या घरात खुंटीवरचा सदरा चाचपायचा.
सापडायचा. कधी दुसऱ्याचाच निघायचा.

एकतीस वर्षं एसटी हाकली, राजापूर डेपो.
फंडाच्या पैशातून ही घेतली, अडुसष्टची फियाट.
जैतापूरच्या डॉक्टरांच्या गोठ्यात उभी होती,
मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.
बायको म्हणाली, एक स्टिअरिंग सुटलं आणि दुसरं धरलंत?
म्हटलं, हिला वेळापत्रक नाही.

नूरुद्दीन सारंग बॉनेटखालून बोलला,
काका, इंजिन ठणठणीत आहे,
पण चौथ्यातसुद्धा ओरडतेय बघा. पाचवा मागतेय.

गिअरबॉक्स कोल्हापूरच्या भंगारातून आली,
एसटीनेच, गोणपाटात बांधून.
ओळखीच्या कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडलं.

बसेना.
भोकं जुळेनात. एक जुळलं, तेही नाखुशीनं.
मधे तबकडी हवी, बोटभर जाडीची,
म्हणून साखरी नाट्यात गजबा आडिवरेकरकडे.
बंदीचे दिवस. ट्रॉलर वर ओढलेले, ताडपत्रीखाली,
आणि गजबाचा लेथ उपाशी.
दोन दिवस तो तबकडी कातत होता.
खाली कातणीचा ढीग, चंदेरी,
बांगड्याच्या पोटासारखा.

शाफ्टही त्यानेच चार बोटं कापला, सांधला,
फिरवून फिरवून पाहिला, पुन्हा घासला.
म्हटलं, पुरे की.
म्हणाला, बोटीचा शाफ्ट केसभर वाकडा असला
तर दर्या सांभाळून घेतो.
रस्ता घेत नाही.

मग बोगदा.
गाडीच्या पोटातला उंचवटा नव्या बॉक्सला अपुरा.
नूरुद्दीनने खडूची रेघ मारली, ग्राइंडर लावला.
मी बाहेर जाऊन उभा राहिलो,
नातीचे कान टोचताना राहिलो होतो तसा.
परत आलो तर भोकातून खालची जांभी जमीन दिसत होती
आणि तिच्यावरून एक खेकडा चालला होता,
तिरका, बिनघाईचा,
जणू हा रस्ता त्याचाच.

नवा दांडा दोन सीटांच्या मधे उगवला.
डोक्यावर फणसाच्या लाकडाचा गोळा,
गजबाने त्यावर आकडे कोरले एक ते पाच.
रिव्हर्स कोरायला विसरला.

आता गिअर पडतो तो
ओल्या गवतात नारळ पडावा तसा,
धप्प, एकदाच.
मी तरी दोनदा क्लच दाबतो.
नूरुद्दीन हसतो, काका, हिला लागत नाही.
मला लागतं.

हात अजून जुन्या जागी जातो.
वळणावर अचानक कुणी आडवं आलं
की मूठ हवेतच वळते.
तिथली फट बुजवायला तो रबरी टोपण घेऊन आला होता.
असू दे म्हटलं.

पण पाचवा टाकायचा कुठे?
उतार, साकव, वळण, शाळा, वळण.
दुसरा, तिसरा, दुसरा.
चौथा लागतो न लागतो तोच
म्हैस, आणि म्हशीला नसते घाई.
तबकडीचे पैसे, शाफ्टचे, वेल्डिंगचे,
बायको बोटांवर मोजते आणि बोटं मिटते.

सड्यावर मात्र दीड मैल सरळ.
दोन्हीकडे काळा कातळ, झाड नाही, घर नाही.
परवा ती शेजारी होती, मांडीवर दळणाचा डबा.
टाकला.
इंजिन एकदम खाली बसलं,
तावातावाने बोलणारा माणूस
मधेच ऐकू लागावा तसं.

ती दचकली. बंद पडली का हो?
नाही.
मग हा आवाज कसला?
वारा.
बराच वेळ आम्ही तोच ऐकत होतो.

पुढे उतार दिसला.
क्लच, न्यूट्रल,
क्लच, चौथा.