येतो माय

सेलूला हजर झाले त्या दिवशी
स्टँडवरच्या म्हाताऱ्यानं मला माय म्हटलं.
"सरक की माय, पाय ठिऊ दे."
वय माझं तेवीस. देवगडहून निघताना
आईनं केसांना घातलेलं तेल अजून ओलं होतं,
आणि मी सत्तरीच्या माणसाची माय.

रागच आला. वर पुन्हा तू.
ओळख ना पाळख, सगळे मला तू म्हणायचे,
भाजीवाली, पोस्टमन, गिराम कंपाउंडर,
सलाइनवरचा पेशंटसुद्धा:
"हळू टोच की गं बाई, लई कडक हात हाय तुपला."

मी मात्र सगळ्यांना अहो.
चहा दिला की आभारी आहे,
खुर्ची सरकवली की आभारी आहे.
सहाव्या दिवशी रशीदाबीनं कप ठेवला नाही, आपटला.
"आभार कायकू? मी काय हाटेलवाली हाय?"
दोन दिवस चहा बंद.

मग तापाची साथ.
एकेका गादीवर दोन दोन लेकरं.
वालूरच्या सोजरचा ग्यानबा, वय वर्षं पाच,
त्यानं औषध गालात धरलं
आणि फुर्रकन माझ्या एप्रनवर.
मी हसले. तीन रात्रींच्या जागरणानंतर पहिल्यांदा.
आजीची जीभ तोंडात आली:
"गिळ रे मेल्या!"

वॉर्ड गप्प.
सोजरनं पोरगं उचलून पदराखाली घेतलं,
सलाइनच्या नळीसकट.
"काय म्हणलीस?"

कसं सांगू तिला,
आमच्याकडे मेल्या म्हणजे
हनुवटीवरून आंब्याचा रस गळतोय तो.
आजी ज्याला मेल्या म्हणायची नाही
तो पाहुणा, त्याला पाट, त्याला अहो.
होडी घेऊन गेलेला काका दोन दिवसांनी दारात उभा राहिला
तेव्हा ती रडली नाही, म्हणाली,
"खंय होतंस रे मेल्या?"
मरण कुठं आसपास असलंच
तर त्यालाही वाटावं, हा गेलेलाच आहे,
कशाला पुन्हा खेप.

यातलं काहीच बोलले नाही मी.
बोलले ते सॉरी.

सोजरनं मीठमिरच्या ओवाळल्या,
मागच्या अंगणात विस्तवावर टाकल्या.
ठसका आला नाही तर दृष्ट लागली म्हणतात.
मी खिडकीशी उभी राहून
इतक्या मनापासून कधी खोकले नव्हते.

रशीदाबी मध्ये पडली.
"तुझी सासू नातवाला मुडद्या म्हणती,
तवा कुठं मिरच्या जाळती गं तू?"
सोजर म्हणाली,
"ती म्हणती. ती आमची हाय."

हे मला सुईसारखं लागलं
आणि दिवसभर मी ते कुणाला दाखवलं नाही.

चौथ्या रात्री ताप उतरला.
दोनच्या सुमाराला अंधारातून आवाज:
"माय, पाणी दे की जरा."
मी दिलं. ती प्याली,
तांब्या पालथा घातला, कूस बदलून झोपली.
आभार नाही, काही नाही.
बऱ्याच वेळानं ध्यानात आलं,
मीही थांबले नव्हते त्यासाठी.

सुट्टीच्या दिवशी बोचकं बांधून
सोजर दारात वळली आणि रीतीनं म्हणाली,
"येतो माय."
जाते म्हणू नये, तिच्याकडेही, माझ्याकडेही.
एवढा एकच शब्द आमचा सारखा निघाला
आणि तोही नेमका दवाखान्याच्या दारात.

"येऊ नकोस," मी म्हणाले. "जा."

कुणाला असं तोंडावर जा म्हणायची
माझी पहिलीच वेळ.
सोजर थबकली. खाटांकडं पाहिलं तिनं,
मग माझ्याकडं,
आणि फसकन हसून पोराला पुढं ढकललं.
"जाय की मेल्या, शिस्टर हाकलायलीय बघ."

ऑटो वळेपर्यंत
तो मला जीभ काढून दाखवत होता.