समास

मंगळवार, दोन ते पाच. डंडी.
तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून
टे नदी, तिच्यावरचा रेल्वेचा लांबच लांब पूल,
आणि साडेतीनलाच आवराआवर करणारा नोव्हेंबर.
मी वह्या तपासते.

ऐल्सा रेनीची वही सगळ्यात भरलेली.
पडद्यावर दिसलेलं अक्षर न् अक्षर तिनं उतरवलंय,
अगदी शेवटचं 'कुणाला काही शंका?' सुद्धा.
त्याच्यापुढे मात्र काही नाही.
चार रंगांची पेनं. तसूभर जागा मोकळी नाही.

म्हटलं, वही मीट. आता सांग,
तापवल्यावर एन्झाइमचं काय झालं?
ती बघत राहिली,
आपल्याच दारात उभं राहून
पर्समध्ये किल्ली चाचपावी तशी.

रागावू कशी?
सांगलीत माझ्या वहीला बक्षीस होतं.
घारपुरे सर सांगत, आम्ही लिहीत,
'पूर्णविराम, नवा परिच्छेद' म्हणाले
तर तेही लिहून ठेवणारा एक जण होता.
खाडाखोड दिसली की दोन गुण गेले,
म्हणून मी पान फाडायचे, पुन्हा लिहायचे.
ती वही अजून आहे माळ्यावर.
तिच्यात एकही चूक नाही,
आणि मला तिच्यातलं एकही पान आठवत नाही.

आपण टिपतो म्हणतो.
चिमणी दाणे टिपते,
अंगण उचलून नेत नाही.
डोळे टिपतो तेव्हा
पाणी तेवढं पुसतो, चेहरा राहू देतो.
हे तिला कुठल्या भाषेत सांगू?

पट्टी घेतली, रेघ मारली.
पानाचा हा तिसरा हिस्सा मोकळा ठेव.
इथे सरांनी यायचं नाही,
पडद्यानं यायचं नाही.
इथे फक्त तुला न कळलेलं.
आणि चुकलं तर खोडरबर नको.
एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी,
शेजारी तारीख, सही.
"चूक ठेवायची?" तिनं विचारलं.
ठेवायची. ती मोजलेली आहे.

पुढचे काही आठवडे तो समास कोराच.
एकदा त्यात एक मेंढी काढलेली होती. बरी होती.

फेब्रुवारीत, गारांच्या दुपारी,
वही उघडली.
०.४१२ वर एक आडवी रेघ. खाली ०.३८७.
'दिवा तापायच्या आत मोजलं. घाई. ऐ. रे.'
आणि समासात, निळ्या शाईत, जरा तिरकं:
'हो, आहे शंका.
थंड केल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखं का होत नाही?
अंडं उकडल्यावर होत नाही, तसंच का?
की काही एन्झाइम परततात?'

मला उत्तर अर्धंच येत होतं.
खाली कुणीतरी नळ चालू ठेवला होता.
मी पेनाचं टोपण काढलं,
तिच्या समासात, तिच्या प्रश्नाखाली
येत होतं तेवढं लिहिलं,
एक शब्द चुकला, त्यावर एक रेघ मारली,
तारीख घातली,
सही केली.