नागपूरला दोन तास

सिम्युलेटर आज अकराव्या दिवशीही चालूच.
पवईच्या लॅबमध्ये एसीचं पाणी बादलीत पडतंय,
मी थेंब मोजते, मग सोडून देते.
चौसष्ट कोअर, आठ आडवे, आठ उभे,
प्रत्येकाच्या उंबऱ्याशी एक राउटर,
आणि पाकिटांना एकच शिस्त :
आधी पूर्व-पश्चिम, मग उत्तर-दक्षिण,
वळायचं एकदाच.

कागदावर हे दीड पानात मावतं.
किती येतात भागिले किती निघू शकतात, तो भार.
एकातून भार वजा करा,
उरेल ते छेदात.
छेद बारीक होत गेला
की अपूर्णांक मातत जातो, हे सातवीतच कळलं होतं.

आई फोर्टात ट्रंक बोर्डावर होती.
कानाला हेडफोन, पुढ्यात दोऱ्या.
"नागपूर? दोन तास.
बेळगाव? अर्जंट घ्या, चाळीस मिनिटं."
घड्याळाकडे न बघता.
अंगठ्याखाली चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याची जाडी,
आणि एवढंच ठाऊक
की इतवारीचे व्यापारी तीन मिनिटांत कधी आटपत नाहीत.

तिला माझं गृहीतक वाचून दाखवलं :
पाकिटं एकमेकांना विचारून निघत नाहीत.
ती पापड भाजत होती. चिमटा न थांबवता म्हणाली,
"विचारत नाहीत गं,
पण भाऊबीजेच्या रात्री सगळ्यांनाच बहीण आठवते."

तेव्हापासून समीकरणात एक जास्तीचं पद आहे.
शोधनिबंधात त्याला भारदस्त नाव दिलंय.

संध्याकाळी सिम्युलेटर थांबला.
माझी रेघ आणि त्याचे ठिपके
सत्तर टक्क्यांपर्यंत हातात हात घालून,
ऐंशीला किंचित कुरबूर,
पुढे ठिपके सरळ छताकडे
आणि रेघ शहाण्यासारखी खालीच.

एका रात्री सगळ्या लाइनी तुंबल्या होत्या.
सुपरवायझर मिस डिमेलो मागून खुणावत होती,
सांग, तासभर सांग.
आई म्हणाली, "सांगता येत नाही."
पलीकडचा क्षणभर गप्प.
मग म्हणाला, "बरं झालं बोललात.
मी जेवून घेतो."

रेघ ऐंशीवर कापली.
खाली टीप लिहायला घेतली, दोनदा खोडली,
तिसऱ्यांदा तिचेच तीन शब्द ठेवले.

बादली काठोकाठ आली होती.
उचलायला गेले
आणि हिंदकळली.