आटे

अप्पाला आम्ही जाळला नाही.
मेडिकल कॉलेजच्या गाडीत ठेवला,
कागदावर सही केली, गाडी वळली.
त्यामुळे राख नाही, पिंड नाही,
आणि दहाव्याला कावळा कुठं शिवणार
हा प्रश्न कोरे गल्लीला आठवडाभर पुरला.

नाव भरमा. देवाचं.
"ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं," म्हणायचा.
काम, रात्री पाणी सोडायचं.
खांद्यावर छातीएवढी लोखंडी चावी,
खिशात बॅटरी, आणि एक वही.
वहीत गल्ल्या आणि आटे:
मीरापूर गल्ली, सव्वाआठ.
कोरे गल्ली, अकरा. शेवटचा जड, पाय लावणे.
बसवाण गल्ली, नऊ. बाळंतीण आहे, दहा.

"कोण बाळंतीण?" मी विचारलं एकदा.
"काय की. दोरीवर दुपटी दिसली."

शेवटच्या आठवड्यात शेजारची शिवगंगाक्का
झाळून बंद केलेला गंगेचा गडू घेऊन आली.
"वंद हनी तगोरी," म्हणाली.
मग मराठीत, एक थेंब. मग नुसती रडली.
अप्पानं गडू कानाशी हलवून पाहिला.
"अक्का, ही कुठल्या व्हॉल्वची?"
रडतारडता तिला हसू फुटलं.
"तुझ्या घागरीतलं दे," म्हणाला,
"ते माझ्या ओळखीचं आहे."

माझं तसं नव्हतं.
दवाखान्याच्या जिन्यात मी हात जोडले होते,
कुणापुढं ते ठाऊक नाही,
समोर भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर होता.
त्याला सांगितलं. वाटलं, हसेल.
"जोडावेत," म्हणाला,
"खरं, परत उघडायचे. कामं असतात हातांना."

सातवीत होते तेव्हा एकदा बरोबर नेलं होतं.
रात्रीचे तीन. डोक्याला त्याचा मफलर, तंबाखूच्या वासाचा.
रस्त्यातलं झाकण काढलं. "कान लाव."
लोखंड गार. आत काही नाही.
बराच वेळ काही नाही.
मग फार लांबून, म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तसं.
"आधी हवा येते.
हवेला भिऊन व्हॉल्व बंद करायचा नसतो."

पाणी पाठवतंय कोण, मी विचारलं.
शाळेत त्या वर्षी रोज दोन प्रार्थना होत्या,
एक कन्नड, एक मराठी,
उत्तर मला माहीत होतं असं मला वाटत होतं.
"राकसकोपला पंपावर निंगाप्पा आहे.
लक्ष्मी टेकावर लक्ष्मी नाही, टाकी आहे,
टाकीवर रझाक.
ते जागे आहेत म्हणून मी जागा.
मी जागा आहे म्हणून..."
पुढचं त्यानं सांगितलंच नाही.
गल्लीत कुणीतरी नळाखाली घागर ठेवली,
तिच्या बुडात पाणी वाजलं.

तेराव्या रात्री दार वाजलं.
जेवण नव्हतं, म्हणून कुणी येणार नव्हतं.
दारात नवीन पोरगा, ठेकेदाराचा,
चावी उलटी धरलेली, मोबाइलचा उजेड स्वतःच्याच डोळ्यांत.
"अक्का, हा फिरेना झालाय. वहीत काय लिहिलंय?"
"थांब, मी येतो," म्हटलं.
पायात चपला नव्हत्या, वही होती.

दहा झाले. अकरावा जड.
पाय लावला.
निम्मा फिरला आणि अडकला,
आणि खालून हवा सुटली, मोठ्यानं.
पोरगा घाबरून चावीवर झडपला.
त्याचा हात धरला. "थांब जरा."
मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो,
डोकं टेकून, डोळे मिटून, कान रस्त्याला.
लांबून कुणी पाहिलं असतं
तर कसली तरी पूजा चाललीय असं वाटलं असतं.

सकाळी शिवगंगाक्का भांडायला आली,
पाणी बारीक आलं म्हणून.
वही काढली. त्याच्या अक्षराखाली
माझ्या अक्षरात:
कोरे गल्ली, निम्मा आटा राहिला. उद्या.