तिसरा रकाना

पहाटे साडेचारला एडिव्हिलच्या धक्क्यावर
हॉलिस ट्रॅव्हिक थर्मासमधली कॉफी दोन झाकणांत ओततो,
एक मला.
माझ्याकडे पाटी, पेन्सिल, भिजला तरी न फाटणारा कागद
आणि सरकारी जाकीट, दोन मापं मोठं.
त्याचं काम ओढायचं. माझं, मोजायचं.

केंटकीतल्या ह्या सरोवराला नकोसा झालेला मासा: चंदेरा.
इंजिन घुरघुरलं की पाण्यातून उसळतो,
गेल्या वर्षी लुरीनचा जबडा मोडला त्यानं.
पौंडामागे काही सेंट सरकार वरून देतं,
बाकीचे खताचा कारखाना.
एका खेपेला नऊ हजार पौंड.
नाव इतकी खाली बसते की कडेवरून हात न वाकवता धुता येतात.

मी त्याला ओळखते.
नवेगावबांधला माझा बा ह्याचीच बोटुकली आणायचा हंड्यातून,
मत्स्यखात्याची, अर्ध्या किमतीत,
आणि सोडताना तळ्याच्या पाण्याला हात लावून कपाळाला लावायचा.
मग शिवडा गेला. शिंगूर गेला.
बा म्हणायचा, आपणच वाढलं ताट, आता पंगत मोजू नये.
हॉलिसला हे सांगितलेलं नाही.

जाळं वर येतं ते जड, एकसारखं पांढरं,
आणि मध्येच एक काळसर, बिनखवल्यांचा,
नाकाच्या जागी वल्हं.
पॅडलफिश.
चंदेरा जे खातो तेच हा खातो,
तोंड उघडं ठेवून, पुढे पुढे जात.
थांबला की गुदमरतो.
जाळं म्हणजे तर नुसतं थांबणंच.

कागदावर रकाने तीन.
लांबी. खुणेचा क्रमांक. जिवंत की मृत.

फेब्रुवारीत सोपं होतं.
पाणी बोटं कापायचं, पण गार पाण्यात तो तग धरतो.
हॉलिस त्याला पोटाखाली दोन्ही हात घालून
नावेच्या कडेला मागेपुढे हलवायचा,
गाडी ढकलून सुरू करावी तसा.
शेपटीनं झटका दिला की सोडायचा
आणि मी लिहायची: जिवंत.

आता जून. पाणी अंघोळीचं.
हा आजचा चौथा. जबड्याला ॲल्युमिनियमची चकती,
नखानं शेवाळ खरवडलं: ४४१७.
मागची पानं उलटली.
अकरा फेब्रुवारी. अक्षर माझंच, थंडीनं वाकडं.
जिवंत.

हॉलिस हलवतोय. पाच मिनिटं. सहा.
मागे ढीग तापतोय, बर्फाचं पाणी बुटांत आलंय.
"शेपूट हलली," तो म्हणतो. "पाहिलंस ना तू?"
लाट होती.
किंवा शेपूट होती.

पाचवा मेला तर हा पट्टा महिनाभर बंद,
आणि ट्रकचा हप्ता पंधरा तारखेला.
हे तो बोलत नाही. लुरीन बोलते,
दोर गुंडाळत, माझ्याकडे न बघता.
आणि चंदेरा काढलाच नाही, तर ह्या नाकवाल्यानं खायचं काय?
तेही तीच विचारते.
खोटं काहीच बोलत नाही ती, म्हणून राग येतो.

तो हात काढून घेतो.
मासा क्षणभर सरळ राहतो,
मग नाक खाली करून,
कुणी वल्हं पाण्यात घालावं तसा उतरतो.
पोहत, की बुडत?
चार फुटांखाली सगळं हिरवं आहे.

पेन्सिलीचं टोक जिभेला लावते.
लांबी लिहिते. क्रमांक लिहिते.
तिसऱ्या रकान्यात, देवनागरीत: गेला.
सोमवारी कचेरीतून फोन येईल.

"काय लिहिलंस?" हॉलिस विचारतो.
"झालं ते."

तो इंजिन सुरू करतो.
मागच्या फेसातून चंदेरे उसळू लागतात,
त्यातला एक आपणहून नावेत येऊन पडतो,
माझ्या बुटांपाशी, तोंड उघडझाप करत.
त्याचंही वजन धरायचं असतं.