कानाची ड्यूटी

जेश्वांगच्या शाळेत मी भूगोल शिकवतो.
निवडणुकीच्या दिवशी मात्र माझं काम एकच:
ऐकायचं.

पडद्याआड तीन रंगवलेली पिंपं,
प्रत्येकाच्या माथ्यावर बोटभर नळी,
आत टांगलेली छोटी घंटा,
आणि तळाला लाकडाचा भुसा,
म्हणजे पडलेली गोटी पुन्हा बोलायला नको.
एक माणूस, एक गोटी, एक टण्ण.
दोनदा वाजलं तर मी उठायचं.

म्हणून आज सायकली हद्दपार.
पाववाल्या केब्बाचीसुद्धा
लांब आंब्याच्या झाडाला साखळीनं बांधलेली,
काही गुन्हा केल्यासारखी.

गांबियात मत कागदाचं नसतं.
काचेचं असतं, गार असतं,
तळहातावर त्याचं वजन लागतं.
ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ते तितकंच कळतं
जितकं मला.
थोडं जास्तच, कदाचित.

पहाटेपासून रांग. वाळवंटाकडून आलेली धूळ
सगळ्यांच्या भुवयांवर सारखीच.

तेनेंग जार्जू आली, खारफुटीत कालवं काढणारी.
कालवांनी चिरून चिरून तिच्या बोटांवर
रेघ उरलेली नाही,
शाई लावायला नख तेवढं शाबूत.
गोटी तिनं उजेडात धरली, फिरवून पाहिली,
गिऱ्हाईक तिचा माल पाहतं तशी.
"एवढीशीच?" म्हणाली, आणि आत गेली.
टण्ण.

तिच्यामागे मंत्रालयातले साहेब,
कडक इस्त्रीचा झगा, छत्री धरायला माणूस.
छत्री बाहेर राहिली, माणूसही.
टण्ण.

खरं सांगतो, मी डोळे मिटून फरक शोधला.
नव्हता.

दुपारी देंबो.
लिबियातल्या कोठडीतून परत पाठवलेला.
परवाच चहा उकळता उकळता मला म्हणाला होता,
"समुद्रात एक खडा टाकून
कुठल्या किनाऱ्याला कळतं, मास्तर?"
तो आत गेला
आणि काहीच वाजलं नाही.

नियमांत दोन घंटांचं लिहिलंय.
शून्य घंटांचं काय करायचं
ते पान मला आठवेना.
रांग खोकायची थांबली.
आत जावं?
पण पडद्याआड माणूस एकटा असावा
यासाठीच तर हा सगळा खटाटोप.
मी बसून राहिलो.
मला बाप आठवला.
राज्यकर्त्यांचं नाव घ्यायचं तर घरातसुद्धा
आधी रेडिओ मोठा करायचा तो.
मत होतं त्याला. चांगलं ठणठणीत होतं.
आयुष्यभर गिळलं.

टण्ण.

देंबो बाहेर आला, शाईचं बोट जपत.
"तिथं रोज मोजायचे आम्हाला," म्हणाला, "गुरांसारखं.
मोजून पुढे काय करायचं तेही तेच ठरवायचे.
आज हात उघडेना लवकर."

रात्री बॅटरीच्या उजेडात
फळीतल्या खळग्यांत गोट्या बसवल्या.
तेनेंगची कुठली, साहेबांची कुठली,
कुठली देंबोच्या घामाची?
एकीला भुशाचा कण चिकटलेला, तेवढीच ओळख.
ज्या पिंपात माझी गोटी होती
ते आमच्या केंद्रावर हरलं.
चौदा गोट्यांनी.
चौदा!
एवढी माणसं तर त्या दिवशी
माझ्याच गल्लीत चटयांवर लोळत
सरकारला शिव्या देत होती.

सोमवारी शाळा भरली.
फळ्यावर नदी काढत होतो, समुद्राला टेकायची तेवढी राहिली होती,
तोच खिडकीखालून केब्बाची सायकल गेली.
टण्ण टण्ण.
खडू थांबला. पोरं हसली.
दोनदा वाजली होती,
आणि मी तर आधीच उभा होतो.