एकशे एक्केचाळीस टक्के

दुकानात मीच पाटी लावली आहे:
‘इथे कुणी कुणाला टक्के विचारू नयेत.’
लोक हसतात, फोटो काढतात,
आणि तिच्याच खाली उभे राहून विचारतात.

मला विचारावं लागत नाही.
काचेवर गुणपत्रिका पालथी पडते तोवर
माझं वाचून झालेलं असतं,
सव्वीस वर्षांत उलटी अक्षरंही सुलट दिसायला लागली.
समोरच्या कॉलेजची तिसरी यादी लागली
की रांग फुटपाथवरून रसवंतीपर्यंत जाते.
दाखल्याच्या तीन प्रती, जातीच्या दोन,
आणि बारावीच्या किती ते घाबरण्यावर.

हेमांगी पासलकर धायरीहून दोन बस बदलून आली.
गुणपत्रिका नव्हती तिच्या हातात,
मंडळाकडून मागवलेली उत्तरपत्रिकेची छायाप्रत होती.
‘काका, हिची अजून एक प्रत द्या.
सरांकडे ठेवायची आहे.’
छायाप्रतीची छायाप्रत.
सावलीची सावली काढायला
मी पान काचेवर ठेवलं.

रसायनशास्त्र, नववा प्रश्न, गुण दोन.
सुबक, तिरक्या अक्षरात एक उत्तर,
शेवटी उणे चिन्ह,
आणि त्या सगळ्यावर दोन आडव्या रेघा.
खाली घाईत पुन्हा तेच गणित,
या वेळी उणे नाही.
समासात शून्य, लाल असणार,
माझ्या यंत्राला लाल कळत नाही.

‘आधीचं बरोबर होतं,’ ती म्हणाली,
मी विचारलं नसताना.
‘खोडलेलं तपासत नाहीत.’

सहाशेपैकी चारशे सत्त्याण्णव.
यादी थांबली चारशे नव्याण्णववर.
अकरावीत वर्गात पहिली होते, म्हणाली,
पण अकरावी कोण बघतं?
बारावीच्या जानेवारीत आईचं ऑपरेशन होतं,
तेही कुठल्या रकान्यात बसत नाही.
हे सांगताना तिचा आवाज
बसचं तिकीट दाखवावं इतका साधा होता.

माझे चोपन्न टक्के होते, नव्वद साली.
वडील काही बोलले नाहीत,
फक्त ताटातला भात पुढे सरकवला, मीच खा म्हणून.
हे मी तिला सांगणार होतो.
मागून कुणीतरी ओरडलं, ‘ओ काका, लवकर!’
आणि मी झाकण दाबलं.

हिरवा उजेड कडेकडेनं सरकत गेला.
यंत्रानं ती खोडलेली ओळही इमानदारीनं उतरवली,
रेघांसकट, उण्यासकट.
मला क्षणभर वाटलं, रेघा गाळून द्याव्यात.
पण मी झेरॉक्सवाला आहे.
जे आहे ते देतो, एका बाजूचे दोन रुपये.

ऑगस्टच्या अखेरीस ती पुन्हा आली.
ओळखपत्र हडपसरच्या कॉलेजचं,
पिवळ्या दोरीत, अजून कडक.
रसायनशास्त्र नाही मिळालं, वनस्पतीशास्त्र आहे.
वहीत कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद, पेन्सिलीनं,
एकही खाडाखोड नाही.
‘हे मोठं करून हवंय, काका. भिंतीवर लावायचंय.’

ए-फोरवरून ए-थ्री करायचं तर
यंत्रावर एकशे एक्केचाळीस टक्के दाबावे लागतात.
मी आकडा तिला दाखवला.
‘बघ, एवढे टक्के फक्त माझ्याकडेच मिळतात.’
रांगेतली दोन पोरं खो खो हसली.
ती नाही हसली.
ती पानाच्या शिरा नीट उमटल्यात का पाहत होती.

दहा रुपये झाले.
तिच्या मुठीत आठ निघाले.
मी म्हटलं, राहू दे गं, दोनच तर आहेत.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी पाटीकडे बघायला लागलो.
‘दोन चालत नाहीत, काका.’
मागच्या मुलाकडून उसने घेतले,
त्याचा नंबर लिहून घेतला,
आणि नाणं काचेवर ठेवून गेली.

पुढची प्रत काढताना ते उचलायला मी विसरलो.
कुणाच्या तरी अधिवास प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात
आता एक काळा, भरीव गोल आहे.